गाडीपाशी कुणीतरी लागतं

टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या चारी टोकांना चिमटे लावले होते. दोन खुर्च्या, दोन काचेचे पेले, भाजलेला लाल भोपळा, पाव, कापलेला अननस आणि माझ्यासाठी मुद्दाम वेगळ्या डब्यात बिनअंड्याचा केक. डोक्यावर एकुलतं एक झाड, भोवती नजर पोचेल तिथवर वाळत चाललेलं गवत आणि त्यात सांडलेल्या तिळासारखे दिसणारे विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या दांडग्या रानहरणांचे कळप. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातली सप्टेंबरची दुपार. आमच्या गाइडनी सगळं मांडलं, पेल्यांत पाणी ओतलं, आणि पंचवीस-तीस पावलांवर उभ्या केलेल्या लँडक्रूझरमध्ये जाऊन बसले. दार उघडं ठेवून त्यांनी मांडीवर आपला डबा उघडला. मी हाक मारली, "इकडे या ना, एकत्र बसू." ते हसले, हात वर केला आणि म्हणाले, "नको मामा. गाडीपाशी कुणीतरी लागतं."

मामा म्हणजे त्यांच्याकडे आई. वयानं मोठ्या बाईला तिकडे सगळे तसंच म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकलं होतं, चौथ्या दिवसापर्यंत गोड वाटायला लागलं होतं. पण त्या दुपारी ते वाक्य ऐकलं आणि घास तोंडात फिरत राहिला. नवरा म्हणाला, "अगं, त्यांची पद्धत असेल." असेलही. पण ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. इंग्रजीत नाही, मराठीत, लेण्याद्रीच्या पायथ्याशी.

हे लिहायला बसले तेव्हा पहिल्याच ओळीत अडले. तो म्हणू की ते? इंग्रजीत बोलताना नऊ दिवस हा प्रश्न आलाच नव्हता. वयानं ते माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या माणसाला लोक सहज 'तो' करतात, समोरासमोर 'अरे' करतात. माझ्या वडिलांना पुण्यातल्या भल्याभल्या घरांतली वीस-बावीस वर्षांची मुलंसुद्धा 'तो ड्रायव्हर' म्हणत. म्हणून मी 'ते' लिहिणार आहे. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तसं त्यांना विचारलेलं नाही.

आम्ही आजवर फिरलो ते ग्रूप टूरनंच. चाळीस माणसं, पुढे झेंडा घेतलेली टूर मॅनेजर, बसमध्ये भेंड्या, संध्याकाळी आपलाच आचारी आणि आपलीच आमटी. मला ते फार आवडायचं. माझ्या निवृत्तीला मुलीनं ही केनियाची सहल भेट दिली तेव्हा तिनं फोनवर तीनतीनदा सांगितलं, "आई, प्रायव्हेट आहे. फक्त तुम्ही दोघं. गाडी तुमची, गाइड तुमचा, कुठं किती वेळ थांबायचं ते तुम्ही ठरवायचं." खर्चाचा आकडा मला नंतर कळला आणि एक रात्र झोप लागली नाही. नुसत्या मसाई माराच्या प्रवेशाला जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला २०० डॉलर पडतात, त्यावरून बाकीचा अंदाज यावा. अशा प्रवासात माणूस नेमकं काय विकत घेतो, असं मला तिथं रोज वाटत राहायचं. मऊ बिछाने तर होतेच, तंबूत रात्री पांघरुणाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असायची. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका जाणत्या माणसाचं पूर्ण लक्ष. सकाळी साडेपाचपासून रात्री जेवणापर्यंत एक माणूस आपल्यासाठी बघत असतो, ऐकत असतो, वास घेत असतो. लहानपणी आई सोडून कुणी माझ्याकडे एवढं लक्ष दिल्याचं मला आठवत नाही.

नैरोबीत दोन दिवस होतो. विषुववृत्ताच्या इतकं जवळचं शहर, पण उंची सतराशे मीटरच्या वर असल्यामुळे सकाळी शाल लागते. नावसुद्धा मसाई भाषेतल्या थंड पाण्यावरूनच पडलंय. रेल्वे म्युझियममध्ये गाइडनी आम्हाला एका जुन्या डब्यापाशी नेलं. १९०० साली किमा स्टेशनात उभ्या असलेल्या या डब्यात तीन माणसं नरभक्षक सिंहाच्या पाळतीवर होती. रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं पहिला पहारा घेतला, बाकीचे दोघं झोपले. पहाऱ्यावर त्याचा डोळा लागला असावा. सिंह डब्यात शिरला आणि त्यालाच खिडकीतून घेऊन गेला. मी त्या खिडकीच्या चौकटीला हात लावून पाहिला. लाकूड गुळगुळीत आणि गार होतं. गाइड म्हणाले, "ट्रेनिंगमध्ये आम्हाला हा डबा दाखवतात, असं समजा." ते हसत म्हणाले, पण पुढे मला ते पुष्कळदा आठवलं.

ही रेल्वे १८९६ मध्ये मोंबासाहून निघाली, १८९९ मध्ये नैरोबीला पोचली, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन भिडली. ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाब आणि गुजरातकडचे. अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. जे राहिले त्यांचे शब्दही तिथं राहिले. गाइडच्या स्वाहिलीत मला रोज एखादा आपला शब्द सापडायचा आणि लहान मुलीसारखा आनंद व्हायचा. दुकानाला दुका, पैशाला पेसा, लाखाला लाकी, विम्याला बीमा, रंगाला रांगी, बांगडीला बांगिली. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला काचुम्बारी. आणि गाडीला गारी. "गारी," मी म्हणायचे, "गाडी," ते म्हणायचे, असा आमचा पाठ चालायचा. गोव्याचे डॉक्टर रोझेंदो रिबेरो नैरोबीत माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रुग्ण बघायला जात, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचा तो झेब्र्यावर बसलेला फोटो मी पाहिला. अंगात कोट, डोक्यावर हॅट, आणि झेब्र्याच्या तोंडावर शुद्ध वैताग.

शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथ हत्तींकडे मात्र माझं मन अजून अडकून आहे. सकाळी अकरा वाजता पिल्लं एका रांगेत धावत येतात, मोठाल्या बाटल्यांतून दूध पितात, लाल मातीत लोळतात. त्यांना सांभाळणारी माणसं रात्री त्यांच्याच गोठ्यात झोपतात, वर बाकड्यावर बिछाना असतो. पिल्लाला जाग आली की ते सोंडेनं चाचपतं, माणूस आहे ना. आणि दर रात्री माणूस बदलतो. डाफ्ने शेल्ड्रिकबाईंनी फार वर्षांपूर्वी आयेशा नावाचं एक पिल्लू एकटीनं वाढवलं होतं. मुलीच्या लग्नासाठी त्या थोडे दिवस दूर गेल्या, तर पिल्लानं खाणं सोडलं आणि ते गेलं. तेव्हापासून एकाच माणसाचा लळा लावायचा नाही, अशी रीत पडली. तिथून निघताना मी गाइडना सहज विचारलं, "तुम्ही रात्री कुठं झोपता?" ते आरशात बघत म्हणाले, "तुमच्याजवळच. स्वयंपाकघराच्या मागे ड्रायव्हर-गाइडच्या खोल्या असतात. गरम पाणी असतं, टीव्हीवर फुटबॉल असतं." काही ठिकाणच्या खोल्या चांगल्या असतात, काही ठिकाणच्या बऱ्या असतात, एवढंच पुढे म्हणाले.

अण्णांना हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता.

माझे वडील टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर होते. स्वारगेटजवळच्या एका मालकाच्या तीन अँबॅसिडर होत्या, त्यातली एक अण्णांकडे. सीटच्या पाठीवर टर्किश टॉवेल, डॅशबोर्डवर गणपती आणि उदबत्तीचं भोक पडलेलं लाकडी घर. लग्नसराईत वऱ्हाड, मे महिन्यात महाबळेश्वर, आणि बाकी वर्षभर अष्टविनायक. दोन दिवसांची फेरी असायची. पांढरा शर्ट आई इस्त्री करून द्यायची आणि फेरीहून आल्यावर त्या शर्टाच्या पाठीवरच्या सुरकुत्या बघून तिला कळायचं, की रात्र गाडीतच काढलीय. मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपायचं, काचा दोन बोटं खाली. पालीला डास फार, असं ते एकदाच म्हणाल्याचं आठवतं. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. गिऱ्हाईक खाणावळीत जेवायला बसलं की अण्णा गाडीच्या सावलीला. कुणी बोलावलंच तर, "तुम्ही व्हा पुढं, गाडीपाशी कुणीतरी लागतं."

घरी मात्र आठही गणपतींचा प्रसाद यायचा. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. कागदाच्या आठ पुड्या, गिऱ्हाईकांनी गाडीच्या खिडकीतून हातावर ठेवलेल्या. आई त्या देवघरात ओळीनं मांडायची आणि मग आम्ही साखरफुटाणे खायचो. बहुतेक देवळं गाडीतळाला लागून, तिथं अण्णा पटकन हात जोडून यायचे. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. वर जाऊन यायला तास-दीड तास जातो, आणि खाली माकडं गाडीचे वायपरसुद्धा सोडत नाहीत. किती फेऱ्या झाल्या असतील? शंभराच्या वर नक्की. गिरिजात्मज अण्णांनी एकदाही पाहिला नाही. पण वर चाललेल्या माणसाची चाल बघून तो किती वाजता उतरेल हे ते बरोबर सांगायचे, त्या बेतानं गाडी उन्हातून सावलीत घ्यायचे आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकासाठी पाणी काढून ठेवायचे.

शाळेत असताना मला त्यांच्या नोकरीची लाज वाटायची. त्यातही बक्षिशीची. रात्री ते खिशातून चुरगळलेली नोट काढून आईला द्यायचे आणि म्हणायचे, "साहेबांनी खुशीनं दिले." ती खुशी कानावर पडली की मी दुसऱ्या खोलीत जायचे. त्याच नोटांतून माझी कॉलेजची फी भरली गेली, बँकेतली नोकरी लागली, आणि आता मी पांढऱ्या कापडाच्या टेबलाशी बसले होते.

२००८ साली आम्ही गाडी घेतली तेव्हा पहिली फेरी अष्टविनायकाचीच काढली. गाडी भाऊ चालवत होता, अण्णा एकाहत्तर वर्षांचे, पुढच्या सीटवर. लेण्याद्रीला पोचलो. डोलीवाल्यांना भावानं आधीच सांगून ठेवलं होतं. अण्णा खाली उतरले, वर बघितलं, पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि परत येऊन बॉनेटला टेकून उभे राहिले. आम्ही परोपरीनं सांगितलं. भाऊ चिडला, आई रडवेली झाली. "जाऊन या तुम्ही. गाडीपाशी कुणीतरी लागतं." गाडी कुलूपबंद होती, आमची स्वतःची होती. आम्ही वर गेलो, दर्शन घेतलं, पण मी पायऱ्यांवरून सारखी वळून खाली बघत होते. पांढरा शर्ट गाडीला चिकटून उभा होता. त्यांना वर का यायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. ते २०१३ ला गेले. अजूनही कळलेलं नाही.

तर मसाई मारा. तिथं जायचा रस्ता रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरून खाली उतरतो आणि एका वळणावर अख्खी दरी एकदम समोर येते, खंडाळ्याच्या घाटात ढग फाटल्यावर येते तशी, पण इतकी रुंद की पलीकडचा काठ निळसर धुरात विरलेला असतो. वाटेत नाकुरूला मुक्काम केला. सरोवराचं पाणी गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतकं वाढलंय, की काठावरची पिवळ्या सालीची बाभूळझाडं पाण्यात उभ्या उभ्या मरून गेली आहेत. राखाडी फांद्यांचं बुडालेलं रान, त्यावर पाणकावळे. पाणी वाढून खारेपणा उतरला तसे फ्लेमिंगो बोगोरिया सरोवराकडे सरकले. मी गुलाबी किनाऱ्याचे फोटो बघून गेले होते. गाइडनी दुर्बीण दिली आणि पलीकडे एक फिकट रेघ दाखवली. "माझ्या लहानपणी शाळेच्या सहलीत इथं वास सहन व्हायचा नाही, इतके होते," ते म्हणाले, आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मीही दुर्बीण परत दिली नाही. ती रेघ बघत राहिले.

त्यांच्या शर्टावर चांदीच्या रंगाचा छोटा बिल्ला होता. तिथल्या सफारी गाइडांची संघटना परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे बिल्ले देते. पक्षी, प्राणी, झाडं, भूगर्भ, इतिहास, प्रथमोपचार, सगळं त्यात येतं. सुवर्णाची तयारी ते गेली दोन वर्षं करत होते. रात्री खोलीत फुटबॉल बघतात असं मी समजत होते, तर पुस्तकं वाचत असायचे. ज्या झाडाखाली आम्ही जेवलो, त्याचं नाव त्यांनी बालानाइटीस सांगितलं. जिराफ उंच मान करून खालच्या फांद्या कापतात, म्हणून त्याचा माथा छत्रीसारखा होतो. घरी आल्यावर शोधलं तर ते आपल्या हिंगणबेटाच्या कुळातलं निघालं. माझ्या आजोळी बांधावर हिंगणबेट होतं, त्याच्या फळाच्या गरानं आजी कपडे धुवायची. आठ हजार रुपयांची दुर्बीण गळ्यात अडकवून मी ज्या झाडाखाली बसले होते, ते आजीच्या बांधावरच्या झाडाचं भावंड होतं आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

मारा नदीवर आम्ही साडेतीन तास थांबलो. पलीकडे हजारोंनी विल्डबीस्ट जमले होते. घशातल्या घशात हुंकारल्यासारखा त्यांचा आवाज, शेणाचा आणि ओल्या चिखलाचा वास, आणि काठावर येऊन परत फिरणारी ती पुढची रांग. आमच्या बाजूला वीस-पंचवीस गाड्या. प्रत्येकाला पुढे जायचं होतं. आमच्या गाइडनी गाडी मुद्दाम मागे, चढावर उभी केली. नवऱ्यानं एकदा, मग दुसऱ्यांदा सुचवलं, थोडं पुढे घ्या. मलाही मनातून तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. ते शांतपणे म्हणाले, "ही त्यांची वर चढायची वाट आहे सर. आपण तिथं उभे राहिलो तर ते नदीतच अडकतील, आणि नदीत मगरी आहेत." शेवटी कळप उतरला तो आमच्या डाव्या हाताला. दोन गाड्यांच्या फटीतून मला धुळीचा लोट, पाण्यातली शिंगं आणि एक पिल्लू दिसलं. पिल्लू वर चढलं, दुसऱ्या कुणाच्या तरी आईला चिकटलं, तिनं त्याला ढुशी मारली, ते पुढच्या आईकडे धावलं. मी पुढे असते तर जास्त दिसलं असतं. आणि मी पुढे नव्हते म्हणून ते वर चढलं असेल का, हे मला कोण सांगणार?

त्या संध्याकाळी परतताना मी त्यांना अण्णांबद्दल सांगितलं. शर्टाच्या सुरकुत्या, लेण्याद्री, सगळं. बक्षिशीची लाजसुद्धा. ते गाडी हळू चालवत ऐकत होते. "पोले साना, मामा," म्हणाले. कुणाचं दुःख ऐकलं की तिकडे हेच म्हणतात. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तुमचे वडील लोकांना काय दाखवायला न्यायचे?" मी म्हटलं, "देव." त्यांनी गंभीरपणे मान हलवली, जणू त्यांच्याच धंद्यातली एक शाखा मी सांगितली होती. आणि मग स्वतःहूनच दुपारचा विषय काढला. "तुम्ही जेवताना ताटाकडे बघता. कुणीतरी गवताकडे बघावं लागतं. एकटा पडलेला म्हातारा रेडा झुडपात बसून असतो, तो दिसत नाही. मी उंच सीटवर असतो, दार उघडं, किल्ली लावलेली. दहा सेकंदात गाडी तुमच्या आणि त्याच्या मध्ये येते."

म्हणजे त्यांचं दूर बसणं हेच त्यांचं आमच्याशेजारी बसणं होतं. मला इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. रात्री तंबूत पडल्यावर मात्र आठवलं, की नैवाशाच्या हॉटेलात, फरशीच्या चकचकीत जेवणघरात, जिथं रेडा येण्याचा प्रश्नच नव्हता, तिथंही ते आमच्यासोबत नव्हते. हे मी त्यांना विचारलं नाही. बाहेर कुठंतरी तरस ओरडत होतं, आवाज खालून वर चढत जाणारा, प्रश्न विचारल्यासारखा.

परतीला आम्हाला छोट्या विमानानं नैरोबीच्या विल्सन विमानतळावर जायचं होतं. पाऊण तासाचा प्रवास. गाइड मात्र गाडी घेऊन रस्त्यानं जाणार, पाच-सहा तास, एकटे. रिकामी गाडी आणायला अण्णांना फार जिवावर यायचं, मागं कुणी नसलं की इंजिनाचा आवाज बदलतो म्हणायचे. पाकिटात मी ठरल्यापेक्षा बरेच जास्त पैसे घातले होते. दोन्ही हातांनी दिलं, त्यांनी उजव्या हातानं घेतलं, डावा हात उजव्या कोपराला लावून, आपल्याकडे तीर्थ घेताना लावतात तसा. उरलेल्या चकल्यांचा डबाही दिला. तो त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी म्हटलं, "गारी सांभाळून." ते म्हणाले, "गाडी," अगदी बरोबर ड म्हणाले.

धावपट्टी म्हणजे मातीचा एक सरळ पट्टा. विमान उतरायच्या आधी त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पळवून झेब्रे बाजूला काढले. आम्ही चढलो, दार लागलं, धूळ उडाली. मला वाटलं आता ते निघतील, लांबचा पल्ला आहे, उजेडात घरी पोचतील. विमान वळून वर चढलं तेव्हा मी खिडकीला कपाळ टेकवून खाली पाहिलं. गाडी होती तिथंच होती. ते बाहेर येऊन बॉनेटला टेकून उभे होते, तोंड वर करून. विमान सुखरूप दिसेनासं होईपर्यंत गाइडनी जागा सोडायची नसते, हे मला मागच्या सीटवरच्या बाईंनी सांगितलं. मी हात हलवला. एवढ्या उंचीवरून तो दिसणार नव्हता. खाली हिंगणबेटाचा ठिपका, गाडीचा ठिपका, आणि तिच्याशेजारी शर्टाचा एक फिकट ठिपका. ढग येईपर्यंत तो हलला नाही.